कामाच्या टेबलाचा टॉप: जाड, जड आणि हलायला मोकळा

आषाढ लागला की आमच्या गावच्या घरातलं माजघराचं दार लागायचं नाही. खांदा लावून रेटावं लागे. तेच दार चैत्रात इतकं सैल पडायचं की रात्री वाऱ्याने कडी वाजत राही. दार तेच, चौकट तीच, आणि करणारा सुतारही चांगला होता. त्या दाराकडे नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात यायची: ते अडकायचं ते नेहमी बाजूच्या कडेला, वर-खाली कधीच नाही. उभ्या फळ्यांचं दार रुंदीला फुगत होतं, उंची मात्र वर्षभर तेवढीच.

घरच्या वर्कशॉपसाठी लाकडी टेबल करायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी या दाराबद्दल सांगतो. लोक विचारतात लाकूड कुठलं घेऊ, फेव्हिकॉल कुठला आणू, स्क्रू किती इंची लावू. या प्रश्नांची उत्तरं पुढे येतीलच. पण टेबलाचा टॉप वीस वर्षं सपाट राहणार की दुसऱ्या उन्हाळ्यात फाटणार, हे बरंचसं एकाच गोष्टीवर ठरतं. लाकडाला रुंदीत हलायला तुम्ही जागा ठेवलीत का?

लाकूड म्हणजे बारीक बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी. झाड उभं असताना या नळ्या मुळापासून शेंड्याकडे पाणी नेतात. झाड कापलं, फळ्या पाडल्या, तरी नळ्यांच्या भिंती हवेतला दमटपणा शोषत आणि सोडत राहतात. दमट हवेत भिंती जाड होतात, कोरड्या हवेत बारीक होतात. नळीची लांबी मात्र जवळजवळ बदलत नाही. म्हणून पाच फुटी फळी वर्षभर पाच फुटीच राहते आणि तिची रुंदी ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते. लाकूड किती जुनं आहे याने यात फारसा फरक पडत नाही. शंभर वर्षांची तुळईसुद्धा पावसाळ्यात फुगते.

किती फुगते, याचा हिशोब करता येतो. ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत साग बुंध्यातल्या वाढीच्या वलयांच्या गोलाईच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्के. म्हणजे दुसऱ्या दिशेचं आकसणं निम्म्याहूनही कमी. हा आकडा पुढे कामाला येणार आहे. पुण्यासारख्या ठिकाणी एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी हवा अगदी शुष्क असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते. त्यामुळे घरातल्या लाकडाचा ओलावा उन्हाळ्यात ७-८ टक्के आणि पावसाळ्यात १५-१६ टक्के असा झुलतो. एवढ्या फरकाने दोन फूट रुंदीचा सागाचा टॉप, फळ्या कशा कापल्या आहेत त्यानुसार, ४ ते ९ मिलिमीटर सरकतो. तेही आपल्या सर्वांत शहाण्या, कमी हलणाऱ्या लाकडाची ही गोष्ट.

माझा पहिला टॉप मी ऑगस्टमध्ये केला होता. एक इंच जाडीच्या पाच सागाच्या फळ्या कडेला कड लावून चिकटवल्या, आणि खालून तीन आडव्या पट्ट्या फेव्हिकॉल लावून, वर फुटाफुटावर स्क्रू मारून गच्च बसवल्या. हात लावला तर दगडासारखा वाटायचा. मे महिन्यात एका रात्री टक् असा आवाज आला. सकाळी बघितलं तर टोकापासून दीड फूट चीर गेली होती, रुपयाचं नाणं उभं शिरेल एवढी रुंद. चीर जोडावर नव्हती. जोडाच्या शेजारून, अख्ख्या लाकडातून गेली होती. जोड धरून राहिला आणि लाकूड फाटलं. शेजारच्या आळीतल्या वयस्क सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी चिरेत नख घालून बघितलं, वाकून खालच्या पट्ट्या बघितल्या आणि म्हणाले, “लाकूड चांगलं आहे, जोडही चांगला बसलाय. पण खालून बांधून घातलंत त्याला. उन्हाळ्यात ते आत जाणार, तुमच्या पट्ट्या त्याला जाऊ देणार नाहीत. मग ते फाटल्याशिवाय काय करेल?”

खालची आडवी पट्टी लांबीत हलत नाही, वरची फळी रुंदीत हलते. दोघी एकमेकींना आडव्या आणि फेव्हिकॉलने जखडलेल्या. भांडण ठरलेलंच. लाकडी टेबलं फाटतात, बाक घेतात, पिळतात, त्यातली बरीचशी याच भांडणामुळे.

जाडी एवढी का लागते

पटाशीने खाच घेताना टॉप खाली दबला आणि परत वर आला, तर तुमच्या घावातला जोर तिथेच मुरतो. पटाशी लाकडात कमी जाते आणि टेबल ढोलासारखं वाजतं. इथे निसर्गाचा एक नियम आपल्या बाजूने आहे. फळीचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली की कडकपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. दीड इंचाच्या फळीवर मधोमध एखादं ओझं ठेवून ती जेवढी वाकते, त्याच्या एक अष्टमांश तीन इंचांची फळी वाकते. म्हणून मी टॉपवरच्या खर्चाला हात आखडत नाही. पायांत आणि खालच्या चौकटीत स्वस्त लाकूड चालेल.

वजनाचंही तसंच. रंधा मारताना आपण टेबलाला पुढे ढकलत असतो. हलकं टेबल घसरत भिंतीला लागतं. पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन इंच जाड सागाचा टॉप साधारण ४५ किलो भरतो. त्याला जोडीला पाय आणि खालचा फळ्यांचा कप्पा आला की ते टेबल जागचं हलत नाही.

तीन इंच जाडीची, दोन फूट रुंद अखंड फळी कुणी आणणार नाही, आणि आणलीच तरी ती वर्षभरात पिळेल. उपाय जुना आणि साधा आहे: दीड इंची पट्ट्या कापून त्या उभ्या कडेवर ठेवायच्या आणि एकमेकींना चिकटवत जायच्या. पुस्तकं कपाटात उभी लावतो तशा. सोळा पट्ट्या म्हणजे चोवीस इंच.

यात एक फायदा लपलेला आहे, तो बहुतेकांना माहीत नसतो. वखारीत मिळणारी साधी फळी अशी कापलेली असते की तिच्या रुंदीच्या दिशेने वलयांची गोलाई धावते, म्हणजे जास्त हलण्याची दिशा फळीच्या रुंदीत असते. पट्टी उभी केली की ती दिशा टॉपच्या जाडीत जाते, आणि रुंदीत येते ती कमी हलणारी दिशा. वर ४ ते ९ मिलिमीटर म्हटलं, त्यातला ४ चा आकडा या पद्धतीचा. शिवाय प्रत्येक पट्टीचा पीळ शेजारणीच्या पिळाशी झगडत बसतो आणि अख्खा टॉप सरळ राहतो.

लाकूड आणि हिशोब

साग उत्तम, पण सागाचा हट्ट नको. कोकणात ऐन आणि किंजळ घरांच्या बांधकामात पिढ्यानपिढ्या वापरले जातात, टॉपलाही ते चांगले. बाभूळ कठीण आणि जड, गाड्यांची चाकं आणि नांगर त्याचेच व्हायचे. रंधा मारताना मात्र ती दमवते. आंबा स्वस्त पडतो, पण किडा लवकर लागतो. टेबलाखाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर समजायचं की भुंगेऱ्यांनी घर केलं. सागातसुद्धा कडेचा पांढरट भाग किडतो, तो कापून टाकावा. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन मऊ आणि हलकं असतं. ते वापरणार असाल तर जाडी साडेतीन-चार इंच करा.

माझी आवड विचाराल तर वाडे पाडताना निघालेल्या तुळया. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास असं जुनं सागवान मिळतं. ते कधीच वाळून बसलेलं असतं. त्यात मोडलेले खिळे मात्र असतात, आणि एका खिळ्याने करवतीचं पातं जातं. कापायला द्यायच्या आधी प्रत्येक इंचावरून लोहचुंबक फिरवा. स्पीकरमधला जुना चुंबक दोऱ्याला बांधून लोंबता फिरवला की खिळ्याजवळ तो हिसका देतो.

वखारीत भाव घनफुटावर असतो आणि मापं सुतात सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच. घनफूट काढायला फुटांतली लांबी गुणिले इंचांतली रुंदी गुणिले इंचांतली जाडी, भागिले १४४. आपला तयार टॉप अडीच घनफुटांचा. पण पट्ट्या रंधून सरळ करताना प्रत्येकीचे दोन ते चार सूत जातात आणि टोकं छाटावी लागतात. त्यामुळे सव्वापाच फूट लांब, साडेतीन इंच रुंद, पावणेदोन इंच जाड अशा सोळा पट्ट्या घेतल्या तर साडेतीन घनफुटांच्या थोडं वर लाकूड लागतं. अडीच सांगून आलेला माणूस दुसऱ्यांदा वखारीत जातो आणि दुसऱ्या खेपेचं लाकूड पहिल्यासारखं नसतं.

लाकूड घरी आणल्यावर लगेच कामाला लागू नका. पट्ट्यांच्या मधे बारीक काठ्या घालून, हवा खेळेल असा थर रचून सावलीत ठेवा. टोकांना पातळ फेव्हिकॉल किंवा मेण फासा, कारण टोकांतून ओलावा सगळ्यात जलद जातो आणि तिथेच चिरा पडतात. वाळलं की नाही हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. एक छोटा तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला तोला आणि वजन तारखेसह त्याच्यावरच लिहा. तीन आठवडे वजन तेच आलं की लाकूड तुमच्या घराच्या हवेला सरावलं.

ज्यांना हे सगळं झेपणार नाही, जागा नाही, रंधा हातात बसलेला नाही, त्यांच्यासाठी प्लायवूड आहे आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. प्लायमध्ये एकावर एक पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात. प्रत्येक थर शेजारच्याला हलू देत नाही, आणि थर पातळ असल्यामुळे फाटतही नाहीत. माजघराच्या दाराची सगळी कटकट इथे संपते. ८ बाय ४ फुटांची १८ मिलिमीटरची एक शीट घ्या. दुकानातच तिचे ४ बाय २ चे चार तुकडे करून मिळतात. तीन तुकडे एकावर एक चिकटवले की ५४ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांच्या थोडा वर जाडीचा टॉप होतो, आणि चौथा तुकडा खालच्या कप्प्याला. शीट वाया जात नाही, म्हणून पहिल्या टेबलाला चार फूट हेच माप मी सुचवतो. शीटवर आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा, असा शिक्का बघून घ्या. गॅलरीत पावसाची झड येत असेल तर आयएस ७१० (मरीन प्लाय) घ्या. कडेने सागाची पट्टी लावली की थर उचकटत नाहीत. वर सनमाईका लावायचा मोह टाळा. एकाच बाजूला लावला तर टॉप बाक घेतो, आणि गुळगुळीत पृष्ठावर काम घसरतं.

चिकटवण्याचा दिवस

फेव्हिकॉल जोड धरतो तो दोन पृष्ठं एकमेकांना पूर्ण टेकलेली असली तरच. फट भरून काढणं हे त्याचं काम नव्हे. दोन पट्ट्या कोरड्याच एकमेकींवर ठेवून पलीकडे दिवा धरा. मधून उजेड आला तर रंधा पुन्हा. शिकंजे (क्लॅम्प) आवळून फट मिटवता येते, पण तो ताण जोडात कायमचा राहतो आणि एखाद्या कोरड्या दुपारी बाहेर पडतो.

सोळाच्या सोळा पट्ट्या एका दमात चिकटवायला जाऊ नका. चार-चारच्या चार जुड्या करा, त्या वाळू द्या, रंधून सरळ करा, मग जुड्या जोडा. शेवटी तीनच जोड नीट बसवायचे राहतात. चिकटवण्याआधी सगळ्या पट्ट्या क्रमाने मांडून वरून पेन्सिलने एक मोठा त्रिकोण काढा. गडबडीत क्रम विसरला तरी त्रिकोण जुळवला की झालं. मांडताना प्रत्येक पट्टीची रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, एकाच बाजूला चढती ठेवा. नाहीतर शेवटी रंधा एका पट्टीवर रेशमासारखा जाईल आणि शेजारच्या पट्टीचे टवके काढेल.

सागात तेल असतं आणि ते पृष्ठावर येत राहतं. म्हणून रंधा मारल्याच्या दिवशीच चिकटवा, आणि त्याआधी थिनरचा बोळा फिरवून वाळू द्या. फेव्हिकॉल दोन्ही पृष्ठांवर पातळ लावा. उन्हाळ्याच्या दुपारी त्याच्यावर पाच-सात मिनिटांत साय धरते, म्हणून हे काम सकाळी करा. शिकंजे दर नऊ-दहा इंचांवर, एक वरून एक खालून असे आलटून पालटून लावा, म्हणजे टॉप एका बाजूला वळत नाही. जोडाच्या रेषेवर मोत्यांसारखे बारीक थेंब ओळीने आले की दाब बरोबर आहे. काहीच बाहेर आलं नाही तर माल कमी पडला. ओघळ वाहायला लागले तर जास्त लागला, पण नुकसान नाही. लोखंडी शिकंजा ओल्या जोडावर टेकला तर लाकडावर काळा डाग पडतो, मधे प्लॅस्टिकचा कागद ठेवा.

लांब शिकंजे महाग असतात आणि सोळा पट्ट्यांना सहा तरी लागतात. नसतील तर पाचर आहे. जाड फळीवर दोन आडवे ठोकळे, मधे मावणाऱ्या पट्ट्यांपेक्षा इंचभर जास्त अंतर ठेवून, स्क्रूने पक्के बसवा. त्या इंचभर फटीत दोन पाचरी उलटसुलट घालून दोन्हीकडून हातोडीने ठोका. एवढ्या साध्या गोष्टीतून येणारा दाब बघून मला आजही नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी शिकंजे काढले तरी लगेच रंधायला बसू नका. फेव्हिकॉलमधलं पाणी जोडाच्या दोन्ही अंगांच्या लाकडात मुरलेलं असतं आणि तिथे लाकूड केसभर फुगलेलं असतं. तेव्हाच सपाट केलं तर पुढे ते पाणी सुकून प्रत्येक जोडावर बारीक चर दिसायला लागतो. आठवडाभर थांबा.

सपाट करण्याआधी पीळ तपासा. ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन सरळ तुकडे घ्या, एक टॉपच्या या टोकाला आडवा, दुसरा त्या टोकाला. खाली वाकून एका डोळ्याने दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत आणा. एक कड डावीकडे वर आणि उजवीकडे खाली दिसली तर पीळ आहे, आणि कर्णाच्या दोन टोकांचे कोपरे उंच आहेत. पूर्ण टॉपवर पेन्सिलने गिरगट्या मारा आणि रंधा तिरका चालवा, आधी एका कर्णाच्या दिशेने, मग दुसऱ्या. जिथे पेन्सिल राहिली तो खड्डा. पेन्सिल सगळीकडून गेली की शेवटचे हात रेषेच्या दिशेने. खालची बाजू एवढी घासायची गरज नाही, पाय टेकतात तेवढीच सपाट हवी.

आता पुन्हा ते माजघराचं दार. टॉप खालच्या चौकटीला बसवताना पुढच्या कडेला साधी गोल भोकं पाडून स्क्रू पक्के आवळा. मागच्या कडेला चौकटीतलं भोक लांबट करा, रुंदीच्या दिशेने दोन-तीन सूत, आणि स्क्रूखाली मोठा वॉशर घाला. पुढची कड जागेवर राहते, मागची ऋतूप्रमाणे सरकते. इथे फेव्हिकॉलचा थेंबही नको. माझ्या आताच्या टेबलाच्या मागच्या बाजूला चौकटीवर पेन्सिलच्या दोन रेघा आहेत, एकीवर ‘मे’ लिहिलंय आणि दुसरीवर ‘ऑगस्ट’. मधलं अंतर पावणेचार मिलिमीटर. चीर एकही नाही.

पाय टॉपच्या पुढच्या कडेशी एका पातळीत ठेवा, म्हणजे लांब फळी उभी करून टॉपला आणि पायाला दोन्हीकडे आवळता येते. उंचीसाठी सरळ उभं राहून हात खाली सोडा. मनगटाची घडी येते तिथे टॉप. व्हाइस (टेबलाला कायमचा बसवलेला शिकंजा) पुढच्या बाजूला डावीकडे, डावखुऱ्यांना उजवीकडे.

वरून पॉलिशचा चकचकीत थर नको, उकळलेलं जवसाचं तेल (‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ नावाने मिळतं ते) पुरे. कापडाने पातळ लावा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. वर लावलंत तेवढंच खालीही लावा, म्हणजे दोन्ही बाजू ओलावा सारख्याच वेगाने घेतील आणि सोडतील. आणि हे फार काळजीने सांगतो: तेलाची कापडं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळा केलेल्या कापडात ती उष्णता साठून ते आपोआप पेट घेऊ शकतं. कापड दोरीवर मोकळं पसरून कडक वाळवा, मगच टाका.

पहिल्या वर्षी टॉप थोडा बसतो. दिवाळीनंतर, पावसाचा दमटपणा निघून गेला की अँगलचे तुकडे पुन्हा ठेवून बघा, रंध्याचे चार हलके हात मारा आणि तेलाचा एक हात द्या.